मिस मसिलनचा रंग

वेंडेल स्टर्नाडला कुणी नुसतं "गुड मॉर्निंग" म्हटलं, तरी तो आधी मनगटावरचं घड्याळ बघायचा. खरंच सकाळ आहे ना, याची खात्री झाली की मग उत्तर. त्याची बायको बर्निस जिवंत होती तोवर पाहुण्यांसमोर म्हणायची, "आमचं लग्न लावलं त्या पाद्र्याचा परवाना यानं तीनदा तपासला होता." पाहुणे हसायचे. वेंडेल हसायचा नाही, कारण त्यानं तो खरोखरच तपासला होता. तीनदा नाही, दोनदा.

त्याच्या स्वभावाला त्याचं कामही जबाबदार होतं म्हणा. चाळीस वर्षं क्लीव्हलँडच्या एका कारखान्यात त्यानं साचे बनवले. तिथं केसाच्या जाडीइतकी चूक म्हणजे अख्खा माल भंगारात. दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिथली पहिली शिकवण. कारखान्यात ते ठीक होतं हो, पण हा गडी निवृत्त झाल्यावरही जगाला मापकाट्यानं मोजत सुटला.

आणि मोजायला त्याला मिळालं काय, तर जुनी शर्यतीची विमानं! शहराच्या दक्षिणेला, मक्याच्या शेतांना लागून एक गवताळ धावपट्टी आहे. तिच्या कडेच्या पत्र्याच्या हँगरमध्ये सात-आठ म्हाताऱ्या माणसांचा क्लब जमायचा. यांचे बाप आणि आजोबा सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीत घरांच्या छपरावर चढून शर्यती बघायचे. खांबांना वळसे घालत विमानं इतकी खालून जायची की वाळत घातलेले कपडे दोरीवरून उडायचे. ते वैमानिक गेले, बरीचशी विमानं मोडली, जळाली, भंगारात विकली गेली. उरलंसुरलं गोळा करून जपायचं, आणि जे जपलं ते अस्सल आहे हे सिद्ध करायचं, एवढाच या मंडळींचा उद्योग.

दर गुरुवारी हँगरमध्ये एक लांब टेबल मांडलं जाई. ज्याला कुणाला काही सापडलं असेल, फोटो म्हणा, चाक म्हणा, वैमानिकाचा चष्मा म्हणा, त्यानं ते टेबलावर ठेवायचं. मग वेंडेल भिंग, चुंबक आणि जांभळा दिवा घेऊन बसायचा. टेबलाच्या टोकाला तीन लाकडी खोकी होती: खरं, खोटं आणि बघू. 'खोटं'चं खोकं त्याला तीनदा मोठं करून घ्यावं लागलं. मंडळी त्याच्या पाठीमागे त्याला 'शेरीफ' म्हणत. त्यालाही ते ठाऊक होतं, आणि कोण कोण म्हणतं याचा त्याला संशय होता.

एकदा तो फसला होता, तेच खरं दुखणं. फार वर्षांपूर्वी टोलीडोच्या एका गोडबोल्या माणसानं विमानाच्या नंबराची पितळी पट्टी आणून दिली. वेंडेल तेव्हा या नादात नवखा होता. त्यानं ती 'खरं'मध्ये टाकली, मंडळींनी ती चौकटीत बसवून भिंतीवर लावली, आणि वर्षभरात एका मासिकानं छापलं की पट्टीवरच्या आकड्यांचे ठसे शर्यतीनंतर तीस वर्षांनी बनले होते. चार राज्यांतल्या विमानवेड्यांत यांचं हसं झालं. तेव्हापासून वेंडेलनं ठरवलं, पुन्हा कुणाला आपल्याला फसवू द्यायचं नाही.

गोष्ट आहे २०११च्या ऑगस्टमधली. 'मिस मसिलन' उभी राहत आली होती. एकोणीसशे पस्तीसच्या शर्यतीत दुसरं आलेलं हे छोटंसं विमान. इंडियानातल्या एका कोठारात कोंबड्यांच्या विष्ठेखाली त्याचा सांगाडा मिळाला, आणि मंडळींनी नऊ वर्षं खपून ते जागेवर आणलं. आता फक्त रंग राहिला होता. गडद लाल. रंगारी शनिवारी यायचा होता. रंग कालवून डबे तयार होते, आणि लेबर डेला विमान लोकांसमोर ठेवायचं होतं.

त्याच्या दोनच दिवस आधी, गुरुवारी, आर्डिथ वीम्स आली. सत्त्याहत्तर वर्षांची, काटकुळी, स्वतः गाडी चालवत मसिलन गावाहून आलेली. तिनं कॉफी घेतली नाही. रूडी गॅस्परिचनं घरून आणलेली पोटिका, अक्रोडाचं सारण भरलेला गोड पाव, पुढे केली, तीही नको म्हणाली. थेट वेंडेलसमोर येऊन बसली.

"मिस्टर स्टर्नाड तुम्हीच ना? माझे वडील अल्वा स्टुट्झमन. एकोणनव्वद साली ते तुमच्याकडे आले होते."

वेंडेलला नाव आठवेना. मग एकदम आठवलं. एक म्हातारा, टोपी हातात धरून उभा. मिस मसिलन वैमानिक डेन्झिल क्राफ्टनं नाही, मी बांधलंय, म्हणाला होता. क्राफ्टनं तर पेपरात दहा वेळा छापून आणलं होतं की विमान आपण एकट्यानं, आपल्या गोठ्यात बांधलं. वेंडेलनं म्हाताऱ्याला एकच प्रश्न विचारला होता: रंग कोणता होता? म्हातारा छातीठोकपणे म्हणाला, पिवळा. गवताच्या गाड्यांना लावायचा उरलेला रंग, भोपळ्याकडे झुकणारा पिवळा. झालं. भिंतीवर क्लबचा मोठा फोटो होता, खांबाजवळ उभं असलेलं विमान, अंगानं जवळजवळ काळं. पुस्तकांतही गडद लालच लिहिलेलं. वेंडेल तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ज्यानं विमान बांधलं त्याला निदान त्याचा रंग तरी माहीत असेल." मंडळी हसली होती. म्हातारा टोपी घालून निघून गेला.

"आठवतंय," वेंडेल म्हणाला. "मग? तुमच्या वडिलांचं नाव पाटीवर हवंय का?"

"नको."

"मग विमानात हिस्सा?"

"देवा रे! ते घेऊन मी कुठं ठेवू, बाथटबमध्ये?" ती वैतागली. मग पिशवीतून एक लिफाफा काढून तिनं टेबलावर ठेवला. "मला काही नको. मला फक्त एक सांगा. ते विमान पिवळं होतं की नव्हतं? माझा बाप खरं बोलत होता की आयुष्यभर थापा मारत होता? मी सत्त्याहत्तरची आहे, मला तेवढं कळलं म्हणजे झालं."

लिफाफ्यात एक फोटो होता. मिस मसिलन, शेपटावर अडतीस नंबर, शेजारी ओव्हरऑलमधला एक तरुण. आणि विमान उजळ. अगदी लख्ख.

"कुठं सापडला?"

"मामीच्या माळ्यावर. गेल्या वर्षी तिचं घर रिकामं केलं तेव्हा."

वेंडेलनं डोळे बारीक केले. मामीचा माळा! या देशातली प्रत्येक खोटी वस्तू कुणाच्या ना कुणाच्या मामीच्या माळ्यावरूनच निघते, असं त्याचं ठाम मत होतं. शनिवारी रंग लागणार आणि गुरुवारी ही बया फोटो घेऊन हजर. इतकी वर्षं कुठं होती? नक्की कुठंतरी पाणी मुरतंय.

"काढला कुणी?"

"मामानं. त्याचं फोटोचं दुकान होतं."

"म्हणजे फोटोत हवे तसे फेरफार करायला घरचाच माणूस," वेंडेल म्हणाला.

आर्डिथच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्ही बोलता कसे हो माणसांशी? बायको होती का कधी?"

"होती. तीही हेच विचारायची. फोटो उद्यापर्यंत माझ्याकडे राहू दे."

ती निघाली. जाताना मिस मसिलनपाशी थांबली आणि शेपटाखालच्या एका चौकोनी पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "ही बघा. बाबा सांगायचे, शर्यतीच्या सकाळी इथं पत्रा चिरला, तर रंगावरच पट्टी ठोकली. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक." आणि गेली.

वेंडेल त्या दुपारी घरी गेलाच नाही. त्यानं फोटो जांभळ्या दिव्याखाली धरला. नवा कागद असेल तर निळसर चमकतो. हा चमकला नाही. कडा बघितल्या, पाठ बघितली, शाईचा ठिपका भिंगाखाली घेतला. जुना होता, चांगला जुना. बरं, मग विमान दुसरंच असेल. त्यानं क्लबचा मोठा फोटो भिंतीवरून उतरवून शेजारी ठेवला. चाकावरचा पोचा तोच. मागं उभ्या असलेल्या, पंखा हलवणाऱ्या बाईची हॅट तीच. शेपटाखालची पट्टीही दोन्हीत. म्हणजे विमान तेच, दिवस तोच, आणि एकात काळं तर एकात लख्ख! घ्या आता!

दोघांपैकी एक फोटो खोटा, यात वेंडेलला शंका उरली नाही. आर्डिथचा खोटा म्हणावा तर तो सगळ्या परीक्षांतून पार पडलेला. मग उरला क्लबचा. तो कुणी आणला होता? रूडीनं. तीस वर्षांपूर्वी, एक पेपर बंद पडला तेव्हा त्यांच्या कचऱ्यातून.

रूडी म्हणजे वेंडेलचा सगळ्यात जुना दोस्त. बर्निसच्या शवपेटीला खांदा दिलेला. पण संशय आला की वेंडेलला नातं दिसत नसे.

"रूडी, इकडे ये." रूडी हातातली पोटिका चघळत आला. "हा फोटो तू आणलास ना? काळा कुणी केला?"

"काय?"

"पंखाचा भाग पुन्हा छापताना गडद करता येतो. मला सगळं ठाऊक आहे. पुस्तकवाले लाल म्हणत होते, तुला फोटो तसाच हवा होता. खरं सांग."

रूडीनं तोंडातला घास आधी गिळला. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. "वेंडेल, मी तुला बेचाळीस वर्षं ओळखतो. माझ्या कारचं ब्रेक तेल तू तपासतोस, मी काही बोलत नाही. माझ्या मुलीचा नवरा कॅथलिक आहे का हे तू चौकशी करून आलास, मी काही बोललो नाही. पण तू आज मला चोर म्हणालास."

"चोर नाही म्हणालो. खोटारडा—"

"अरे वा! मग तर बरंच झालं!"

रूडीनं टोपी उचलली, पोटिकेचा डबाही उचलला, आणि तो दाराकडे निघाला. डबा उचलला म्हणजे प्रकरण गंभीर, हे हँगरमधल्या प्रत्येकाला कळलं. रूडी कधीच उरलेलं परत नेत नसे.

तेवढ्यात कॉफीच्या यंत्राशेजारून आवाज आला. "दोन्ही खरे आहेत."

फ्रान्सीन ऑयलर. अकरा वर्षं दर गुरुवारी येणारी, कप विसळणारी, खोक्यांवरची धूळ पुसणारी. तिचा नवरा क्लबात होता, तो गेल्यावरही ती येत राहिली. कुणी तिला काही विचारायचं नाही, ती कुणाला काही सांगायची नाही. ती हात पुसत आली आणि दोन्ही फोटो उजेडाला धरून तिनं पाहिले, जेमतेम अर्धा मिनिट.

"त्या काळच्या बऱ्याच पेपरवाल्यांची फिल्म अशीच होती. तिला लाल दिसायचंच नाही, आणि असला भोपळ्यासारखा पिवळाही काळपट उतरायचा. निळं आभाळ मात्र पांढरंफटक. बघ, तुमच्या फोटोत आभाळ पांढरं आहे, हिच्या फोटोत करडं. हिच्या मामाचं दुकान होतं ना? त्यानं नवी फिल्म घातली असणार. तिच्यात पिवळं उजळ येतं." तिनं फोटो खाली ठेवले. "मी सव्वीस वर्षं पेपरच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुतलेत, वेंडेल."

वेंडेलनं भिंग खाली ठेवलं. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कधी? 'फ्रान्सीन, साखर कुठाय' याखेरीज तू मला आजवर काय विचारलंयस?"

दारात उभा असलेला रूडी मोठ्यानं हसला, पण परत आला नाही. पुढचे तीन आठवडे तो वेंडेलशी बोललाही नाही.

आता दुसरा कुणी असता तर एवढ्यावर मान्य करून मोकळा झाला असता. वेंडेल मुळीच नाही. फिल्म पिवळ्याला काळं करते, कबूल. पण सांगाड्यावरचा लाल थर? तो त्यानं स्वतः खरवडून बघितला होता. लालच्या खाली सरळ उघडं पत्र्याचं अंग. म्हणजे लाल पहिला. यात फिल्म कुठं आली? शुक्रवारी सकाळी तो शेपटाखाली पाठीवर झोपून विचार करत होता, तेव्हा त्याचा हात त्या चौकोनी पट्टीवर गेला आणि तिथंच थांबला. नंतरच्या मालकानं लाल लावण्याआधी जुना रंग पूर्ण खरवडला असेल तर? उघडा पत्रा मग त्यानंच केलेला! मंडळींना जो रंग हवा होता तो सापडला आणि त्यांनी तिथंच थांबून टाळ्या वाजवल्या. त्यांनी कसले, वेंडेलनंच. जगात कशावर विश्वास न ठेवणारा वेंडेल, आणि त्यानं आपल्या मनातल्या लालवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

पट्टी शर्यतीच्या सकाळी ठोकलेली. रंगावरच. तिच्या खाली खरवडायला कुणाचा हात पोचला नसेल.

त्यानं बारीक ड्रिल घेतलं आणि एकेक रिव्हेट काढायला सुरुवात केली. आठ रिव्हेट. आत लाल निघो, असं त्याला वाटत होतं. ही गोष्ट त्यानं नंतर कधी कुणाला सांगितली नाही, पण त्याला मनापासून तसं वाटत होतं. आठवा रिव्हेट निघाला, त्यानं पट्टीखाली पातळ पातं सरकवलं, आणि पट्टी हातात आली.

खाली तळहाताएवढा तुकडा. पिवळा. सात दशकांहून जास्त काळ उजेड न लागलेला, भोपळ्याकडे झुकणारा, ताजा पिवळा.

वेंडेल तसाच पडून राहिला. फ्रान्सीननं त्याचे बूट विमानाखालून बाहेर आलेले बघितले आणि हाक मारली, "मेलास की काय?"

"नाही," तो म्हणाला. "रंगाऱ्याला फोन कर. उद्या येऊ नको म्हणावं."

तिनं वाकून खाली बघितलं. फोन करायला गेली.

त्याच दुपारी वेंडेल मसिलनला गेला. पट्टी रुमालात गुंडाळलेली होती. तिच्या पाठीलाही पिवळा चिकटून आला होता. आर्डिथचं घर छोटं होतं, स्वयंपाकघरात टोमॅटो उकडत होते, हिवाळ्यासाठी बरण्यांत भरायचे. तिनं गॅस मंद केला आणि खुर्ची सरकवली.

वेंडेलनं पट्टी उलटी करून टेबलावर ठेवली. "हा त्या दिवशीचा रंग. मीच काढली पट्टी, आज सकाळी. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही."

ती पट्टीवर वाकली. "नक्की?"

या एका शब्दानं वेंडेलनं उभ्या आयुष्यात किती माणसांना कोपऱ्यात गाठलं होतं, त्याची मोजदाद नाही. "नक्की," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांनी विमान बांधलं हे मला सिद्ध करता येणार नाही. पण ते त्याच्यापाशी होते, पट्टी त्यांनीच ठोकली असणार, आणि रंगाबद्दल ते खरं बोलले. मी चुकलो. सगळ्यांसमोर त्यांना बोललो, तेव्हा सगळ्यांसमोरच लिहून देईन. पाटीवर त्यांचं नाव पहिलं राहील."

आर्डिथनं पट्टीला हात लावला नाही. टोमॅटोचं पाणी भांड्याबाहेर उतू जाऊन गॅसवर चरचरलं, तरी ती उठली नाही.

"तुमच्याकडून परत आले त्या दिवसापासून ते पिवळा म्हणेनासे झाले," ती म्हणाली. "त्याआधी विषय निघायचा अवकाश, की पिवळा, पिवळा! ख्रिसमसला, थँक्सगिव्हिंगला, टर्की कापतानासुद्धा. आम्ही भावंडं टेबलाखालून एकमेकांना लाथा मारायचो. मग एकदम बंद."

वेंडेलनं रुमालाची घडी घातली.

"शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी विचारलं त्यांना. म्हटलं, बाबा, आता आपण दोघंच आहोत, खरं काय ते सांगा. कोणता रंग होता? तर म्हणाले, लालच असेल गं. ती माणसं शिकलेली आहेत, तपासून सांगतात. माझ्याच डोक्यात काहीतरी घोळ झाला असेल." तिनं नाक पुसलं. "आणि मला बरं वाटलं हो, मिस्टर स्टर्नाड. इतकं बरं वाटलं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, बघा बाबा, खरं बोललात की किती हलकं वाटतं."